पुसण्याआधी एकदा नीट बघा

पहाटेची वेळ. हॉलच्या फरशीवर पिवळसर फेसाचं छोटंसं थारोळं आणि शेजारी मलूल होऊन बसलेला पॉमेरेनियन. कुत्रा पाळलेल्या घरांना हे दृश्य नवं नसतं, आणि पुढे काय होतं तेही ठरलेलं असतं. कोणीतरी फडकं आणतं, फिनेल टाकतं, दोन मिनिटांत फरशी लख्ख. संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर विचारतात: उलटीचा रंग काय होता? अन्न होतं की नुसतं पाणी? जेवणानंतर किती वेळाने झाली? पोट आवळून ओकला की सहज बाहेर आलं? या प्रश्नांची उत्तरं फडक्याबरोबर मोरीत वाहून गेलेली असतात.

उलटी हा आजार नव्हे, खूण आहे. आणि खूण वाचायची तर आधी ती बघावी लागते. फरशी पुसण्यापूर्वी काढलेला एक फोटो दवाखान्यात फार उपयोगी पडतो.

मुळात ती उलटीच होती का, इथूनच सुरुवात करावी. खऱ्या उलटीआधी कुत्रा अस्वस्थ होतो, लाळ गाळतो, ओठ चाटत राहतो. मग पोट आवळत उमाळे येतात. काही वेळा मात्र तो नुसती मान खाली घालतो आणि न पचलेलं अन्न जोर न लावता घरंगळत बाहेर येतं. ते जठरापर्यंत पोचलेलंच नसतं. दोष अन्ननलिकेकडे असतो. पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांत हे बरंच दिसतं. पॉमेरेनियन आणि यॉर्कशायर टेरियरचं आणखी निराळं. या छोट्या जातींत श्वासनलिकेच्या कूर्चा ढिल्या पडू शकतात. मग कोरडी, हंसाच्या ओरडण्यासारखी ढास लागते आणि शेवटी थोडा पांढरा फेस पडतो. घरचे म्हणतात ‘ओकतोय’, पित्ताचं औषध सुरू होतं, आणि दुखणं असतं श्वासनलिकेत. मोबाइलवर घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ हा घोळ बऱ्याचदा तिथल्या तिथे सोडवतो.

पहाटेच्या पिवळ्या फेसाचं कारण अनेकदा साधं असतं. रात्री आठला जेवलेल्या कुत्र्याचं पोट तोवर रिकामं झालेलं असतं, आतड्यातलं पित्त उलटं जठरात येतं आणि अस्तराला झोंबतं. झोपण्याआधी मूठभर खाणं दिलं, की कित्येक कुत्र्यांची ही तक्रार थांबते. नाही थांबली, तर कारण दुसरं शोधायला हवं.

छोट्या कुत्र्याच्या बाबतीत वेळ हा मोठा प्रश्न आहे. तीन किलोच्या कुत्र्याच्या अंगातून शंभर मिलीलीटर पाणी गेलं, तर साठ किलोच्या माणसातून दोन लीटर गेल्यासारखं ते असतं. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच जागेवर गेली नाही, हिरड्या कोरड्या आणि चिकट लागल्या, तर शरीरातलं पाणी बरंच घटलेलं आहे. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परतायला हवा. फार लहान पिल्लांची रक्तातली साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते. म्हणून ‘एक दिवस उपाशी ठेवा’ हा सल्ला त्यांना घातक ठरू शकतो.

आता स्वयंपाकघर. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे पशुवैद्यांना बरीच वर्षं माहीत होतं. का, ते मात्र कळत नव्हतं. धागा सापडला तो अमेरिकेत. मुलांना खेळायला घरी मळलेली रंगीत कणीक एका कुत्र्याने खाल्ली, त्याला उलट्या सुरू झाल्या आणि मूत्रपिंडांनी काम थांबवलं. त्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर होतं. प्राण्यांच्या विषबाधेवर सल्ला देणाऱ्या केंद्रातल्या तज्ज्ञांच्या लक्षात आलं, की क्रीम ऑफ टार्टर हा टार्टारिक आम्लाचाच क्षार, आणि द्राक्षांतही हेच आम्ल भरपूर असतं. चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या नोंदीही त्याच दिशेला बोट दाखवत होत्या. २०२१ मध्ये त्यांनी हा तर्क मांडला, आणि आज तोच सर्वांत पटण्याजोगा मानला जातो.

मराठी घराला ही गोष्ट अगदी जवळची आहे. इथे चिंचेचा कोळ रोजच्या आमटीत पडतो, शिऱ्यात बेदाणे असतात, नाशिकची द्राक्षं टोपलीभर येतात आणि आजी प्रेमाने एखादा दाणा खाली टाकते. किती दाण्यांनी अपाय होईल, याचा नेम नाही. एकाला काही होत नाही, दुसरा दगावतो. उलटी ही बहुधा पहिली खूण, आणि मूत्रपिंडांचा बिघाड त्यानंतर एक-दोन दिवसांनी उघड होतो. उपचाराची संधी असते ती या मधल्या वेळात. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रश्शातला भात नकोच. शुगर-फ्री च्युइंग गममधलं झायलिटॉल आणि चॉकलेट हीसुद्धा विषंच. माणसांची आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल अशी औषधं ‘पोट दुखत असेल बिचाऱ्याचं’ म्हणून कधीच देऊ नयेत.

उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याचं दाणे खाल्लेलं कणीस, ही दोन्ही छोट्या कुत्र्याच्या आतड्यात बुचासारखी अडकतात. मग प्यायलेलं पाणीसुद्धा टिकत नाही, शी होत नाही. अशा वेळी उलटी थांबवणारं औषध परस्पर दिलं, तर वरवर आराम दिसतो आणि आतलं आतडं सडत राहतं. सणासुदीच्या तळलेल्या, तुपकट खाण्यानंतर पुढचे पाय टेकून मागचा भाग उंच धरणारा कुत्रा दिसला, तर स्वादुपिंडाला सूज असल्याची शंका घ्यावी.

काही उलट्यांसाठी सकाळची वाट पाहू नये. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्यांबरोबर रक्ताचे जुलाब म्हणजे पार्व्हो समजूनच धावावं. १९७८च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतो, आणि नेहमीच्या फिनेलवर विसंबून चालत नाही; ब्लीच लागतं. नसबंदी न केलेली मादी माजानंतर काही आठवड्यांनी ओकू लागली, खूप पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो माणसालाही होतो, त्यामुळे तिथे कुत्र्याबरोबर घरच्यांचीही काळजी घ्यावी लागते.

धडधाकट मोठा कुत्रा एकदाच ओकला आणि पुन्हा शेपटी हलवत फिरू लागला, तर काही तास पोटाला विश्रांती, पाणी घोटाघोटाने आणि मग मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन नि मऊ भात, थोडाथोडा. दूध नको, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही.

तीन आठवड्यांहून जास्त काळ अधूनमधून उलट्या होत राहिल्या, की पशुवैद्य त्याला जुनाट दुखणं म्हणतात. रक्त, शी, सोनोग्राफी यांत काही सापडलं नाही, तर बहुतेकदा आहाराची परीक्षा होते: दोन-तीन आठवडे एकच ठरावीक खाणं, बाकी काहीही नाही. बऱ्याच कुत्र्यांच्या उलट्या एवढ्यानेच थांबतात. ही परीक्षा फसते ती औषधांमुळे नव्हे, बिस्किटांमुळे. आजोबांच्या चहाबरोबरचा तुकडा, कामाला येणाऱ्या मावशींनी दिलेला पोळीचा घास, खाली वॉचमनकडचा पाव. म्हणून फ्रिजवर एक कागद चिकटवावा, त्यावर उलटीची तारीख, वेळ आणि आदल्या दिवशी पोटात गेलेलं सगळं लिहावं, आणि त्या कागदाची गोष्ट वॉचमनलाही सांगावी.