चालताना पाय का भरून येतात?

पेन्शनसाठी बँकेत येणारे काही वृद्ध रांगेत ताठ उभे राहू शकत नाहीत. काउंटरवर पुढे वाकले की त्यांना बरे वाटते. आपण त्याला म्हातारपण म्हणतो. पण पुष्कळदा हा कमरेच्या मणक्यातील नसांचा मार्ग अरुंद होण्याचा आजार असतो. वयोमानाने मणक्यांमधील चकती झिजते, सांधे जाड होतात व नसा दबतात. थोडे चालताच पाय जड होतात, मुंग्या येतात. बसल्यावर वा वाकल्यावर मार्ग किंचित मोकळा होतो. म्हणूनच परभणी स्टेशनपर्यंत चालू न शकणारा माणूस सायकलवर मात्र जाऊ शकतो.

सन १९५४ मध्ये डच शल्यचिकित्सक व्हर्बिस्ट यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले. एम.आर.आय.मध्ये मार्ग फार अरुंद दिसला म्हणजे त्रासही तेवढाच असतो असे नाही. केवळ फोटो पाहून घाबरू नये. व्यायाम व औषधांनी भागले नाही तर शस्त्रक्रियेने नसांवरील दाब काढतात. त्यानंतर पायाचे दुखणे बहुधा लवकर कमी होते. बधिरपणा हळूहळू जातो, कधी राहतोही. मात्र लघवी अडकली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि रांगेतल्या वडीलधाऱ्यांना आपण निदान खुर्ची तरी द्यावी.