बेअरिंग अकाली का झिजते?

घरी किंवा शाळेच्या कार्यशाळेत तयार केलेले संगणक-नियंत्रित राउटर यंत्र आरंभी मोठ्या ऐटीत चालते. लाकडी फळीवर त्याने कापलेले वर्तुळ परकाराने काढल्यासारखे दिसते. काही आठवडे लोटतात आणि त्याच वर्तुळाची कड दातेरी होऊ लागते. व्यास एका दिशेला कमी, दुसऱ्या दिशेला अधिक भरतो. सरकता गाडा हाताने हलविल्यास खडखडतो. उघडून पाहावे तो बेअरिंगे झिजलेली. पुष्कळदा ती टाकून देऊन त्याच जागी तसलीच नवी बसविली जातात, आणि तीही तितक्याच लवकर निकामी होतात. दोष बेअरिंगांत नसतोच. वास्तविक टाकून दिलेले बेअरिंग हाच या प्रकरणातील सर्वांत विश्वसनीय साक्षीदार होय.

बेअरिंग, म्हणजे परिभाषेतील धारवा, किती टिकावे याचे गणित लुंडबर्ग व पाल्मग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ साली मांडले. त्यानुसार गोळ्यांच्या बेअरिंगाचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट झाला की आयुष्य अष्टमांश होते. अर्थात हा हिशेब स्वच्छ, ग्रीस घातलेल्या व नीट बसविलेल्या बेअरिंगाचा आहे. घरगुती राउटरमधील बेअरिंगाला असे सुखाचे वार्धक्य क्वचितच लाभते.

पुन्हा, हा भार बांधणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ मोठा असतो. समजा, गाड्याची दोन बेअरिंगे एकमेकांपासून १०० मिलिमीटर अंतरावर आहेत, गाडा ओढणारा स्क्रू त्यांच्याच पातळीवर आहे, आणि कापणारे पाते २०० मिलिमीटर खाली आहे. पात्यावर ५० न्यूटनचा रेटा आला, तर गाडा उलटू पाहतो आणि प्रत्येक बेअरिंगावर १०० न्यूटनचा भार पडतो. बेअरिंगांमधील अंतर २०० मिलिमीटर केले की हाच भार निम्मा होतो. महाग बेअरिंग घेण्यापेक्षा गाडा लांब करणे केव्हाही स्वस्त.

परंतु सर्वाधिक यंत्रे बिघडतात ती दांड्यांमुळे. गोल दांड्यावरून सरळ रेषेत सरकणाऱ्या बेअरिंगाच्या गोळ्या दांड्याला केवळ बिंदूएवढ्या जागी टेकतात. तेवढ्या जागेवरचा दाब प्रचंड असतो. म्हणून दांड्याचा पृष्ठभाग रॉकवेल सी मापाने सुमारे ६० इतका कठीण केलेला असावा लागतो. बाजारातील साधी लोखंडी किंवा स्टेनलेस पोलादाची सळई चकचकीत दिसते, पण ती मऊ असते. गोळ्या तिच्यावर थोड्याच दिवसांत चऱ्या पाडतात आणि नवे बेअरिंग त्याच चऱ्यांतून खडखडत धावते. परीक्षा सोपी आहे. दांड्याच्या टोकाजवळ कानस चालवावी. ती घसरून गेली तर दांडा कठीण. तिने धातू कुरतडला तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

यानंतर पाहावयाचा तो दोन दांड्यांचा समांतरपणा. दांडे एका टोकाला किंचित जवळ आले तरी गाडा तेथे आवळला जातो आणि कापण्याचे काम नसतानाही बेअरिंगे भार सोसत राहतात. स्क्रू सुटा करून गाडा हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवावा. मध्ये सैल व टोकांशी जड लागला तर दांडे समांतर नाहीत असे समजावे. मग एक दांडा पक्का करावा, दुसरा ढिला ठेवावा, गाडा एकेका टोकाशी नेऊन दुसऱ्या दांड्याचे तेथील बोल्ट आवळावेत. ही अडचण काही नवी नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील एका कापडगिरणीत जमीन चिकणमातीची असल्यामुळे इमारत खचे, लांब दांडे वाकडे होत आणि बेअरिंगे निकामी होत. तेथील अभियंता स्वेन विंगक्विस्ट याने १९०७ साली त्यावर स्वतःहून जुळवून घेणारे दुहेरी ओळीचे बेअरिंग शोधून काढले. राउटरला असल्या बेअरिंगाची गरज नाही, कारण त्याचे दांडे सरळ बसविणे मालकाच्या हाती असते.

धूळ हा तिसरा शत्रू. एमडीएफ फळी कापताना उडणारी भुकटी पिठासारखी बारीक असते. ती ग्रीसमध्ये मिसळली की वंगणाचे घासण्याचे उटणे बनते. धातूची झाकणे असलेल्या बेअरिंगांत झाकण व आतले कडे यांच्यामध्ये बारीक फट राहते. रबरी झाकण कड्याला टेकते, त्यामुळे येथे तेच योग्य. दाबाच्या हवेने यंत्र झाडण्याची सवय मात्र घातक आहे, कारण ती हवाच धूळ आत ढकलते. भुकटी निर्वात झाडूने ओढून घ्यावी.

आता साक्षीदाराची जबानी. स्क्रूच्या टोकाचे जुने बेअरिंग कापून, रॉकेलने धुऊन, बाहेरील कड्याची खोबण भिंगाखाली पाहावी. सर्वत्र मळकट, पांढुरकी झीज दिसली तर धूळ. गोळ्यांची वाट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे तिरपी गेली असेल तर दांडा व घर एका रेषेत नाहीत. समोरासमोर दोनच ठिकाणी गडद पट्टे असतील तर घराने कडे चेपून लंबगोल केले आहे. निळसर-तपकिरी छटा अति उष्णतेची खूण होय; नट वाजवीपेक्षा अधिक आवळल्यानेही ती येते. आणि गोळ्यांमधील अंतराइतक्याच अंतरावर ओळीने खळगे असतील, तर बेअरिंग बसविताना कोणीतरी हातोडा चालविला होता. दांड्यावर बसविताना जोर आतल्या कड्यावर आणि घरात बसविताना बाहेरच्या कड्यावर द्यावा लागतो. उलट केल्यास सगळा आघात गोळ्यांतून जातो आणि कोरे बेअरिंग पहिल्या फेऱ्याआधीच खराब होते. योग्य व्यासाचा नळीचा तुकडा आणि एक शेगडा, एवढ्या साहित्यावर ते हातोड्याशिवाय बसविता येते.