बसण्याचा मान, बसण्याचा हक्क

पंखा पुसायचा असो, माळ्यावरचा डबा काढायचा असो वा दिवाळीत आकाशकंदील टांगायचा असो, घरात पहिली हाक स्टुलाला जाते. काम आटोपले की ते पुन्हा पलंगाखाली किंवा दाराआड सरकते. पाहुण्यांना सोफा, वडीलधाऱ्यांना खुर्ची आणि ऐन वेळी आलेल्याला स्टूल, ही शहरी घरातील अलिखित वाटणी. पाठ नसलेल्या, हात नसलेल्या या आसनाकडे कोणी फारसे कौतुकाने पाहत नाही. मात्र कोणी बसावे आणि कोणी उभे राहावे, या जुन्या प्रश्नाशी स्टुलाचा इतिहास घट्ट जोडलेला आहे.

स्टुलाची रचना साधी असली तरी तीमागे विचार आहे. कोणतेही तीन बिंदू एकाच प्रतलात येतात. त्यामुळे तीन पायांची तिवई खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही. गोठ्यात दूध काढणारे आणि चांभारकाम करणारे कारागीर अनेक देशांत तिपायी बैठक वापरत आले, त्याचे कारण हेच. चार पाय आधार अधिक देतात, पण त्यांना सपाट फरशी लागते. फिनलंडचे वास्तुरचनाकार अल्व्हार आल्टो यांनी १९३३ मध्ये बर्च लाकूड वाकवून केलेले तीन पायांचे स्टूल आजही तयार होते. ती स्टुले एकावर एक रचून ठेवता येतात. जागेची हीच बचत आज प्लास्टिकच्या स्टुलाने घरोघरी पोहोचवली आहे.

राजदरबारातील आसन

प्राचीन काळी मात्र स्टूल हे दुय्यम आसन नव्हते. इजिप्तमध्ये १९२२ साली उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात इतर मौल्यवान वस्तूंबरोबर स्टुलेही सापडली. त्यांतील घडीच्या स्टुलाचे पाय बदकाच्या मानेसारखे कोरलेले आहेत. डेन्मार्कमधील गुल्डहॉय येथील कांस्ययुगीन दफनात, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे घडीचे लाकडी स्टूल मिळाले. प्रतिष्ठित व्यक्तीसोबत ते पुरले गेले, यावरूनच त्याचे मोल कळते.

फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यात तर स्टूल हा मानाचा तुरा होता. राणीसमोर सर्वांनी उभे राहायचे. बसण्याची मुभा होती ती प्रामुख्याने डचेस दर्जाच्या स्त्रियांना, आणि तीही पाठ नसलेल्या 'ताबुरे' नावाच्या गादीच्या स्टुलावर. त्या छोट्याशा आसनासाठी घराणी झुरत असत. पश्चिम आफ्रिकेतील, आजच्या घानामधील असांते लोकांचे सुवर्णासन हे त्यांच्या समाजाच्या आत्म्याचे प्रतीक मानले जाते. त्यावर राजाही बसत नाही. ब्रिटिश गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन यांनी १९०० साली ते बसण्यासाठी मागितले, तेव्हा राजमाता या असांतेवा यांच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटले. युद्धात असांते हरले, पण आसन इंग्रजांच्या हाती लागले नाही.

पाटापासून ओट्यापर्यंत

मराठी घरात हा मान पाट आणि चौरंगाकडे होता. जेवणाची पंगत पाटावर, सत्यनारायणाची पूजा चौरंगावर आणि गणपतीचे आगमनही पाटावरूनच. सारे व्यवहार जमिनीलगत चालत असल्याने उंच बैठकीची गरज फारशी नव्हती. चुलीपुढे पाटावर बसून होणारा स्वयंपाक शहरात गॅसच्या ओट्यावर आला आणि गृहिणी उभी राहिली. भाज्या चिरणे, पोळ्या लाटणे, भांडी विसळणे ही तासन्‌तासांची कामे उभ्याने होऊ लागली. मात्र ओट्याची उंची ठरवताना त्यापुढे एखादे उंच स्टूल असावे, हा विचार घर बांधताना क्वचितच होतो. स्वयंपाकघरात स्टूल येते ते बसण्यासाठी नव्हे, तर वरच्या फळीपर्यंत हात पोहोचण्यासाठी.

उभ्याने जाणारा दिवस

कामाच्या ठिकाणीही बैठक ही दर्जाची खूण ठरली. साहेबाच्या दालनात खुर्ची, तर दाराबाहेर शिपायाचे स्टूल, हे चित्र कचेऱ्यांत वर्षानुवर्षे दिसत आले. परंतु ज्यांना स्टूलही मिळत नाही, अशांची संख्या मोठी आहे. कापडाच्या, दागिन्यांच्या दुकानांतील विक्रेत्या, पहारेकरी, काउंटरवरचे कर्मचारी यांचा बराचसा दिवस उभ्याने जातो. दीर्घकाळ उभे राहिल्याने पाय सुजणे, कंबर दुखणे आणि पायांच्या शिरा फुगणे असे त्रास संभवतात.

हा प्रश्न नवा नाही. ब्रिटनमध्ये १८९९ च्या कायद्याने दुकानात दर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांमागे किमान एक आसन ठेवणे बंधनकारक झाले. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४४ ने, उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांना संधी मिळताच बसता यावे, यासाठी सोय करण्यास सांगितले. दुकाने मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली.

ही उणीव केरळमधील स्त्रियांनी चव्हाट्यावर आणली. कोळिकोड शहरातील मिठाई तेरुवु या बाजारपेठेत विजी या शिवणकाम करणाऱ्या कार्यकर्तीच्या पुढाकाराने 'पेनकूट्टू' ही संघटना उभी राहिली. प्रारंभी मागणी स्वच्छतागृहाची होती. पुढे गिऱ्हाईक नसताना तरी बसू द्या, ही मागणी जोडली गेली. अखेर २०१८ मध्ये केरळने दुकानविषयक कायद्यात बदल करून बसण्याची सोय बंधनकारक केली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला.

व्हर्सायमध्ये जे आसन उमरावांच्या स्त्रियांना मान म्हणून मिळे, ते कोळिकोडच्या विक्रेतीला हक्क म्हणून मिळवावे लागले. कायदा झाला तरी स्टूल काउंटरमागे खरोखर ठेवले जाते का आणि त्यावर बसणाऱ्याकडे कोणी डोळे वटारत नाही ना, हे पाहावेच लागते. दुकानातील मुलगी क्षणभर टेकलेली दिसली, तर तो आळस नसून तिच्या दिवसभराच्या श्रमाचा विसावा आहे, एवढे गिऱ्हाइकाने जाणले तरी पुष्कळ. घरातल्या ओट्यापुढेही एक स्टूल ठेवायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.