परक्या बाळाची जोखीम

2015च्या बाल न्याय अधिनियमातलं कलम 44 मूल तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवायची मुभा देतं. माळशेज घाटाजवळच्या मढसारख्या गावात कुणाच्या घरी तान्हं बाळ असं आलं, तर त्या घराला आधी सुरक्षिततेचं प्रशिक्षण मिळायलाच हवं. ‘आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलं वाढवली, त्यांना काय शिकवायचं?’ हा आक्षेप उठेल. आज्यांची माया खरीच. पण बंद खोलीतल्या शेगडीचा विषारी वायू, तोंडावर सरकलेली गोधडी, वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवलेला मध, यांचा धोका मायेने टळत नाही. बाळाला उताणंच निजवावं, हेही सांगावं लागतं. शिकवून फरक पडतो का? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजातांची निगा शिकवली. 1999मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटलेला दिसला. हे गावच्याच हातांनी साधलं.