कन्हानकाठच्या कामठीतून थेट सोनेगावच्या धावपट्टीवर

नागपूर विमानतळाची जगभरातली ओळख एन, ए, जी या तीन इंग्रजी अक्षरांची. सलग वाचली की होतं ‘नाग’! ज्या नदीवरून नागपूरला नाव मिळालं, तीच नदी आज इथे येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांवरच्या चिठ्ठीवर बसून दोहा-शारजाहूनही येते.

विमानतळाचं वय ऐकून मात्र थबकायला होतं. राईट बंधूंचं पहिलं उड्डाण 1903 मधलं आणि इथली, म्हणजे सोनेगावची, धावपट्टी पहिल्या महायुद्धातली, 1917-18 ची! ब्रिटिश हवाई दलासाठी ती तयार झाली आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानांचा मुक्कामाचा तळ बनली. आपल्या कामठीची छावणी तर 1821 पासूनची. म्हणजे नागपूरच्या एका टोकाला पलटण आणि दुसऱ्या टोकाला विमानं, हे जोडपं शंभर वर्षांहून जुनं आहे.

आता सगळ्यात भारी किस्सा. 1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चार शहरांतून रात्री डाकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला भेटायची. सगळा देश झोपलेला आणि इथे टपालाच्या पिशव्यांची धावपळ! मद्रासची पिशवी दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या विमानात. मग ज्याने त्याने आपल्या गावाची वाट धरायची. सकाळी विमान उतरलं की पत्र वाटपाला तयार. या विमानांत प्रवासीही असत. तेसुद्धा अर्ध्या रात्री नागपूरला विमान बदलत. आज परदेशी विमानकंपन्या अशा मोठ्या अदलाबदलीच्या विमानतळांचा केवढा गाजावाजा करतात! नागपूरने ते काम टपालाच्या पिशव्यांवर तेव्हाच करून दाखवलं. कारण साधं होतं, देशाच्या मध्यावर असणं. विमानात कुणाची तब्येत अचानक बिघडली की वैमानिक ते आजही नागपूरला उतरवतात, त्याचंही कारण हेच.

2005 मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं आणि नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं 14 एप्रिल 2008 ला, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी. दीक्षाभूमी आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस पाहायला येणारा परदेशी पाहुणा पहिलं पाऊल ठेवतो ते याच नावाच्या दारात. हज यात्रेची विमानंही इथून सुटतात, त्यामुळे कामठीतल्या कितीतरी घरांना हा विमानतळ हाजींच्या निरोपामुळे माहीत आहे. इथून जवळच समृद्धी महामार्ग सुरू होतो, 701 किलोमीटर, थेट मुंबईच्या दिशेने. आणि विमानतळाच्या सुमारे 7,000 कोटींच्या विस्ताराची पायाभरणी 9 ऑक्टोबर 2024 ला झाली.

पण कामठीकराचा प्रश्न वेगळाच असतो: तिथवर पोचायचं कसं? आपण शहराच्या उत्तरेला, विमानतळ दक्षिणेला. मध्ये अख्खं नागपूर! तरी या वाटेवरची गंमत पाहा. कामठी रोडवर गड्डीगोदामला चार मजली वाहतूक आहे: खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या डोक्यावर मेट्रो. चालत्या रेल्वेमार्गावरून असा पूल नेणाऱ्या अभियंत्यांना मी तरी मनापासून सलाम करते. पुढे वर्धा रोडवर 3.14 किलोमीटरचा डबलडेकर पूल लागतो, त्याची नोंद गिनीज बुकात झाली आहे. मेट्रोच्या एकाच तिकिटात दोन्ही पाहून होतात!

ऑटोमोटिव्ह चौकातून ऑरेंज लाइनची मेट्रो सरळ विमानतळाच्या बाजूला जाते, मध्ये गाडी बदलायची गरज नाही. अडचण आहे ती कामठी ते ऑटोमोटिव्ह चौक या तुकड्याची. दुसऱ्या टप्प्यात हीच लाइन पिवळी नदी, खैरी फाटा, कॅन्टोन्मेंट, ड्रॅगन पॅलेस करत कन्हान नदीपर्यंत येणार आहे: सुमारे 13 किलोमीटर, 12 स्टेशनं. केंद्राची मंजुरी डिसेंबर 2022 ची. माझ्या मते कामठीसाठी यापेक्षा मोठं काम दुसरं नाही, आणि ते लवकर व्हायलाच हवं. तसं झालं की कन्हानच्या काठावर गाडीत बसायचं आणि विमानतळाला उतरायचं!

तोवर बस किंवा ऑटोने ऑटोमोटिव्ह चौक गाठा आणि तिथून मेट्रो धरा. फक्त एक ध्यानात ठेवा. त्या लाइनवर ‘एअरपोर्ट’, ‘एअरपोर्ट साउथ’ आणि ‘न्यू एअरपोर्ट’ अशी तीन स्टेशनं एकापाठोपाठ येतात. विमान पकडायचं असेल तर पहिल्याच ‘एअरपोर्ट’ला उतरा. स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. पुढच्या तुकड्यासाठी हाताशी थोडा वेळ राखून निघा.