मनगटावरचं यंत्र : भाग ५ – छोट्या कंपनीचं घड्याळ पारखताना

मागच्या भागात आपण घड्याळाचं मशीन उघडून पाहिलं. आता प्रश्न व्यवहाराचा. ज्या कंपनीमागे मोठं नाव नाही आणि जिथे दोन-चार माणसं मोजकी घड्याळं काढून थेट इंटरनेटवर विकतात, तिच्या घड्याळासाठी पंधरा-वीस हजार किंवा त्याहून जास्त मोजायचे, तर ते पारखायचं कसं? अशा कंपन्यांना मायक्रोब्रँड म्हणतात. आपल्या देशातली ठळक उदाहरणं दोन : गौरव मेहता यांची जयपूर वॉच कंपनी आणि निरुपेश जोशी व मर्सी अमलराज यांची बंगलोर वॉच कंपनी. जांब समर्थसारख्या गावातल्या वाचकाला ही घड्याळं बहुधा फोटो आणि माहितीचा तक्ता पाहूनच मागवावी लागतात. म्हणून तो तक्ता वाचता यायला हवा.

सुरुवात मशीनपासून. मायक्रोब्रँड सहसा मशीन स्वतः बनवत नाहीत, तयार घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही. सैकोचं एनएच ३५ ताशी २१,६०० ठोके देतं, पूर्ण चावी असली की सुमारे ४१ तास चालतं आणि दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांचा फरक कंपनी मान्य धरते. मियोटाचं ९०१५ ताशी २८,८०० ठोके देतं आणि त्याची जाडी ३.९ मिलिमीटर, एनएच ३५ ची ५.३२. घड्याळ शर्टाच्या बाहीखाली सरकतं की अडकतं, ते बऱ्याच अंशी इथेच ठरतं. ही मशीनं सगळीकडे वापरली जात असल्यामुळे त्यांचे भागही मिळतात आणि दुरुस्ती करणाराही सापडतो. गावाकडच्या माणसाला हा फायदा मोठा आहे.

पण मशीन तेच आणि किंमत दुप्पट, असं दिसलं की वरचा पैसा कुठे गेला ते विचारलंच पाहिजे. काच 'सफायर' आहे की 'सफायर कोटेड'? दुसऱ्या प्रकारात साध्या खनिज काचेवर फक्त पातळ थर असतो. पाणी ३० मीटर लिहिलं असेल तर ते हात धुताना उडणाऱ्या थेंबांपुरतं. विहिरीत पोहायचं तर निदान १०० मीटर हवं. वॉरंटी किती आणि दुरुस्ती भारतात होते का, हेही तक्त्यात शोधा.

मापाची खात्री घरीच करता येते. बहुतेक जण केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीचा, व्यास बघतात, पण मनगटावर बसणं ठरतं ते पट्टा अडकवायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतच्या लांबीवर. ही लांबी तक्त्यात 'लग टू लग' म्हणून दिलेली असते. मनगटाची वरची सपाट बाजू पट्टीने मोजा. घड्याळाची लांबी त्याहून जास्त असेल तर टोकं हवेत लोंबतील. मग डायल कितीही सुंदर असो, ते घड्याळ तुमच्यासाठी नाही.

आता डिझाइन. जयपूर वॉच कंपनी जुनी नाणी डायलमध्ये बसवते. बंगलोरच्या 'माक १' ची प्रेरणा हवाई दलाचं मिग-२१ विमान आहे. कल्पना दोन्ही चांगल्या. पण पारख करताना कथा घटकाभर बाजूला ठेवा आणि नुसती तबकडी बघा. मिनिटकाटा मिनिटांच्या रेषांपर्यंत पोचतो का? तास आणि मिनिट काटे एका नजरेत वेगळे कळतात का? तारखेची खिडकी कुठल्या आकड्याचा अर्धा भाग खाते का? एचएमटीच्या 'जनता'ला अशी कुठलीच कथा चिकटवलेली नव्हती. हाताने चावी द्यायचं १७ ज्वेल्सचं मशीन आणि मोकळी, स्वच्छ तबकडी एवढंच. तरी ते आजही लोक आवर्जून शोधतात.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. जुन्या मशीनवर नवी रंगवलेली तबकडी चढवून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. कंपनीने कधी न काढलेले भडक रंग, जाडसर छापलेलं नाव, आखूड काटे या त्यांच्या खुणा. भाग एकमेकांसाठी बनलेले नसले की घड्याळ विस्कळीत दिसतं, आणि हीच नजर मायक्रोब्रँडला लावायची. काही कंपन्या कारखान्याच्या कॅटलॉगमधली तयार केस, तयार काटे उचलून त्यावर फक्त आपलं नाव छापतात. त्याच केसचं, त्याच काट्यांचं घड्याळ दुसऱ्या नावाने निम्म्या किमतीत दिसलं, तर वरचे पैसे नुसत्या नावाचे.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याने तबकडी स्वतः आखली, केस स्वतः घडवून घेतली आणि दुरुस्तीची जबाबदारी अंगावर घेतली, अशा छोट्या कारागिराला चार पैसे जास्त द्यावेत. त्या पैशांतूनच तो पुढचं घड्याळ अधिक चांगलं करतो. मात्र पुढे विकून नफा होईल या आशेने मायक्रोब्रँड घेऊ नये. रोज घालायला आवडेल आणि दहा वर्षं दुरुस्त होत राहील, एवढं पटलं तरच घ्यावं.

पुढच्या भागात : सर्व्हिसिंग कधी करावं आणि दुरुस्तीला देताना काय विचारावं.