चहा सांडलेला जुना लॅपटॉप: दुरुस्त करायचा की सोडून द्यायचा?

मागच्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर अर्धा कप चहा सांडला. प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडं होतं आणि शेवटचा बॅकअप 19 दिवसांपूर्वीचा. (हो, मला माहितेय. मार्गदर्शकांनीही तेच ऐकवलं.)

पहिल्यांदा हे समजून घ्या की नुसत्या ओलीपेक्षा ओल्या बोर्डातून वाहणारी वीज जास्त नुकसान करते. चहात क्षार असतात, त्यामुळे तो वीज वाहून नेतो. दोन बिंदूंमध्ये विद्युतदाब असला की एकीकडचा धातू विरघळायला लागतो. शाळेत शिकलेलं विद्युत अपघटन ते हेच. म्हणून चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा. आणि 'चालू होतोय का बघू' हा मोह टाळा. मला तो दोनदा झाला.

तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही. पाणी उडून जातं, पण साखर आणि दूध बोर्डावर तसंच राहतं. वर हवेतली ओल धरून ठेवतं. त्यामुळे वाळल्यावर व्यवस्थित चालणारा लॅपटॉप पंधरा दिवसांनी अचानक बंद पडू शकतो. बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करायलाच हवा.

आता निर्णय. इथे बहुतेक जण दोन प्रश्नांची गल्लत करतात: डेटा वाचवायचा आहे की यंत्र? दोन्हींचे हिशोब वेगळे आहेत.

जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्क सहसा वेगळी निघते. ती यूएसबीच्या केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की झालं. बिटलॉकर चालू असेल तर मात्र 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आजच बघून ठेवा. नव्या मॅकबुकसारख्या यंत्रांत स्टोरेज बोर्डालाच जोडलेलं असतं. तिथे बोर्ड जिवंत केल्याशिवाय डेटा मिळत नाही. मग दुरुस्तीला दिलेले पैसे डेटासाठी आहेत असं समजा, लॅपटॉपसाठी नाही.

माझी डिस्क लॅबमधल्या मित्राच्या केसमध्ये घातली आणि 19 दिवसांचं काम परत मिळालं. त्यानंतर यंत्राचा विचार शांत डोक्याने करता आला.

दुकानदाराला आधी फक्त उघडून दाखवायला सांगा. नुसता कीबोर्ड गेला असेल तर बदला, किंवा बाहेरचा लावा. चार्जिंगच्या भागात हिरवट-पांढरा थर दिसत असेल आणि तो बोर्डच बदलायचं म्हणत असेल, तर तसाच सेकंडहँड लॅपटॉप केवढ्याला मिळतो ते विचारा. दुरुस्ती त्याच्या निम्म्यापेक्षा महाग असेल तर मी तरी सोडून देईन. याआधी रॅम वाढवायला किती खर्च केला, ते या हिशोबात धरू नका. ते पैसे गेले.

वयही बघा. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि माझा इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. म्हणून मी बोर्ड फक्त साफ करून घेतला, कीबोर्डवर खर्च केला नाही. सध्या तो लिनक्स घालून, बाहेरच्या कीबोर्डवर लॅबमध्ये सिम्युलेशन चालवतोय. चौथं प्रकरण मात्र दुसऱ्या लॅपटॉपवर लिहितेय.